राजस्थानचे गड-राजवाडे: ग्रुप टूरने पाहावेत की जागोजागी गाईड घेऊन?

राजस्थानला जायचे ठरले की बहुतेक मराठी घरांत वाद स्थळांवरून होत नाही. जयपूर, जोधपूर, उदयपूर, चितोडगड आणि कुंभलगड ही यादी थोड्याफार फरकाने सर्वांची सारखीच असते. वाद होतो तो जायचे कसे यावरून. सहल कंपनीच्या बसमध्ये बसून टूर मॅनेजरच्या हाती स्वतःला सोपवायचे, की गाडी आणि चालक ठरवून प्रत्येक ठिकाणी तिथला परवानाधारक गाईड घ्यायचा? मी हे दोन्ही केले आहे. पहिल्यांदा दिवाळीच्या सुट्टीत, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, आई, पत्नी आणि मी एका सहल कंपनीबरोबर गेलो होतो. त्यानंतर दोन वर्षांनी फेब्रुवारीत आम्ही दोघे, थोरला भाऊ आणि वहिनी असे चौघे भाड्याच्या गाडीने जवळपास त्याच मार्गाने फिरून आलो. पुढचे सगळे या दोन प्रवासांच्या आधाराने लिहिले आहे, त्यामुळे दुसऱ्या कुणाचा अनुभव अगदी वेगळा असू शकेल हे आधीच मान्य करतो.

ग्रुप टूरच्या बाजूने जे बोलले जाते, ते बरेचसे खरे आहे. सकाळी सहाला उठवणे, सातला नाश्ता, आठला बस या ‘सहा-सात-आठ’च्या शिस्तीला आपण कितीही हसलो, तरी सात दिवसांत पाच शहरे पाहून माणूस तिच्यामुळेच धडधाकट घरी येतो. सामान खोलीच्या दाराशी ठेवले की पुढच्या गावच्या हॉटेलातच दिसते. बसमधल्या जागा रोज बदलतात, म्हणून खिडकीवरून भांडणे होत नाहीत. चितोडला, घरापासून हजार किलोमीटरवर, रात्री ताटात वरणभात आणि लिंबाची फोड आली तेव्हा आईच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसले, त्याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. तिला विचाराल तर ती पहिल्याच सहलीला कौल देईल, आणि तिच्या वयाच्या कुणासाठी निर्णय घ्यायचा असेल तर मीही फार आढेवेढे घेणार नाही.

आणखी एक गोष्ट ग्रुप टूरच्या खात्यावर जमा करायला हवी. आमचा टूर मॅनेजर मराठी होता आणि वाचलेला होता. जयपूरजवळच्या आमेरच्या वाटेवर त्याने बसमध्ये माईक हातात घेऊन सांगितले, की आता आपण ज्या किल्ल्यात जाणार आहोत तिथला शीशमहाल बांधणारा राजा म्हणजे आपल्या पुरंदरच्या तहातला मिर्झाराजा जयसिंह, आणि १६६६ मध्ये आग्र्याला महाराजांची जबाबदारी ज्याच्यावर होती तो रामसिंह हा त्याचाच मुलगा. बसमध्ये क्षणभर शांतता पसरली. मागच्या बाकावरचे पत्ते खाली ठेवले गेले. ही जोडणी आमेरच्या दारातला हिंदी भाषक गाईड आपणहून करून देईलच असे नाही. माझ्या दुसऱ्या प्रवासात तरी कुणी दिली नाही. मराठी माणसाला मराठीतून, त्याला ठाऊक असलेल्या इतिहासाचा धागा धरून कुणी काही सांगणे ही मोठी सोय आहे.

मात्र हा मॅनेजर स्थळावर पोहोचताच गप्प होई. तिथे बोलण्याचे काम स्थानिक गाईडचे, आणि त्याच्यासमोर माणसे चाळीस. आमेरला त्याने दोन जयसिंहांचा घोळ घातला. जयपूर वसवणारा सवाई जयसिंह हा मिर्झाराजांचा खापरपणतू. पण गाईडच्या बोलण्यात शीशमहाल आणि जयपूर शहर ही एकाच राजाची कामे ठरली. मी पुढच्या रांगेत असतो तर विचारले असते. पण चाळीस माणसांच्या गटात पुढची रांग मिळणे नशिबाचे असते, आणि मागच्यांना निम्मे शब्द ऐकू येईपर्यंत पुढचे हलू लागलेले असतात. शीशमहाल पाहून आम्ही मागे फिरलो. त्याच्या पलीकडे, गडाच्या दक्षिण टोकाला राजा मानसिंगाचा जुना महाल आणि चौकातली बारादरी, म्हणजे खांबांचा खुला मंडप, आहे, म्हणजे या राजवाड्याचा मूळ भागच. तो मी दुसऱ्या प्रवासात पाहिला.

तरीही या सगळ्यावर मी ग्रुप टूरवर फुली मारली नसती. ती मारायला लावली ती जयपूरच्या जंतरमंतरमधल्या एका प्रश्नाने, आणि तो प्रश्न माझा नव्हताच.

सवाई जयसिंहाने १७२७ मध्ये जयपूर वसवले आणि त्यानंतरच्या काही वर्षांत राजवाड्याला लागूनच ही वेधशाळा उभारली. तिथले सम्राट यंत्र म्हणजे सुमारे २७ मीटर उंचीचे सूर्यघड्याळ. मधोमध तिरकी चढत गेलेली भिंत आणि तिच्या दोन्ही बाजूंना संगमरवरी पट्ट्यांच्या कमानी. भिंतीची सावली सकाळी पश्चिमेच्या कमानीवरून उतरते आणि दुपारनंतर पूर्वेच्या कमानीवर चढू लागते. आमच्या गाईडने नेहमीच्या आवाजात सांगितले, की हे यंत्र दोन सेकंदांपर्यंत अचूक वेळ दाखवते. गटात बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा होता. त्याने सावलीची कड पाहिली, रेघा मोजल्या, मनगटावरचे घड्याळ पाहिले आणि म्हणाला, “काका, हे तर अकरा मिनिटं मागे आहे.” गाईड म्हणाला, “बाद में बताता हूँ, चलिए चलिए.” आम्ही पुढे निघालो, कारण जंतरमंतरला मिळालेल्या पंचवीस मिनिटांपैकी वीस संपली होती. तिथून बस एका हस्तकलेच्या दुकानापाशी गेली. कापडावर ठसे कसे मारतात याचे प्रात्यक्षिक झाले आणि मग रजया उलगडल्या जाऊ लागल्या. दुकानात आम्ही एक तास दहा मिनिटे होतो. गाईडचे काम तिथेच संपले आणि तो दारातून निघून गेला. मुलगा माझ्या शेजारी रजयांच्या ढिगावर बसून होता.

दुकानाचा मला फारसा राग नाही, तो या धंद्याचा भाग आहे. पंचवीस मिनिटे आणि सत्तर मिनिटे या दोन आकड्यांचाच मला राग आला, आणि सहल संपली तरी तो गेला नाही.

फेब्रुवारीत पुन्हा गेलो तेव्हा तिकीट-खिडकीपाशी दोघा-तिघा गाईडना मी तोच प्रश्न विचारला: यंत्राची वेळ आणि आपल्या घड्याळाची वेळ जुळत का नाही? एक जण म्हणाला, जुने यंत्र आहे, थोडे इकडेतिकडे चालायचेच. दुसऱ्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला, आणि आम्ही त्याला घेतले. आत गेल्यावर त्याने आम्हाला पश्चिमेच्या कमानीशी उभे केले. माझ्या घड्याळात साडेअकरा झाले होते आणि सावली दहा एकोणपन्नासच्या आसपास होती. आपले घड्याळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची वेळ दाखवते, जयपूर त्याच्या पश्चिमेला पावणेसात अंशांच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटे या हिशोबाने जयपूरचा सूर्य सुमारे २७ मिनिटे मागे. शिवाय पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेला, म्हणून सूर्य वर्षभर सारख्या चालीने चालत नाही. फेब्रुवारीच्या मध्याला तो आणखी १४ मिनिटे मागे पडतो, तर नोव्हेंबरच्या आरंभी उलट १६ मिनिटे पुढे असतो. म्हणजे यंत्र बरोबरच होते. मुलाचे अकरा मिनिटांचे गणितही बरोबर होते.

मग तो म्हणाला, “अब देखिए, बोलिए मत.” सावलीची कड संगमरवरावर जिथे होती ती रेघ त्याने बोटाने दाखवली, आणि आम्ही चौघे उभे राहिलो. कड धारदार नसते, थोडी धुरकट असते. पहिली काही क्षणे काहीच होत नाही असे वाटले. मग ती सरकताना दिसली, खरोखर डोळ्यांना दिसली. सेकंदाला जेमतेम एक मिलिमीटर, मिनिटाला चार बोटे. वहिनी हळूच म्हणाली, “अगं बाई, आपणच फिरतोय की हे.” आम्ही तिथे दहा मिनिटे उभे होतो. त्या दहा मिनिटांत दोन गट आले, ‘दोन सेकंदांपर्यंत अचूक’ हे वाक्य ऐकून गेले, आणि कुणालाच सावली हलताना दिसली नसावी.

आता दुसऱ्या पद्धतीचे दोषही सांगायला हवेत, कारण ते कमी नाहीत. पाच ठिकाणी पाच गाईड म्हणजे पाच वेळा नशीब अजमावणे. आमेरच्या दारात घाईने घेतलेल्या गाईडने आमचा बराच वेळ कुठल्या चित्रपटाचे चित्रीकरण कुठे झाले हे दाखवण्यात घालवला. चालकाचा ढाबाही ठरलेला असतो, आणि तो आपल्या आवडीचा निघेलच असे नाही. दुकानात नेण्याचा मोह याही गाईडना असतोच. फरक एवढाच, की चौघांनी ‘नको’ म्हटले तर गाडी वळते, चाळिसांतल्या एकाने म्हटले तर बस वळत नाही. ही अट पैसे ठरवतानाच बोलून घ्यावी, नंतर संकोच होतो. खर्च म्हणाल तर आमच्या चौघांचा हिशोब ग्रुप टूरपेक्षा थोडा जास्त गेला. दोघेच असाल तर तो बराच जास्त जाईल. शिवाय चितोडहून उदयपूरला निघायला उशीर झाला आणि हॉटेलवाल्याने दिलेली खोली मनाजोगती नसली, तर तिथे भांडायला टूर मॅनेजर नसतो. भांडण भावाने केले आणि ते त्याला फारसे जमत नाही.

काही ठिकाणी तर दोन्ही पद्धतींत मला काहीच फरक जाणवला नाही. जयपूरच्या सिटी पॅलेसमध्ये चांदीच्या दोन प्रचंड गंगाजळ्या आहेत, माधोसिंह दुसरा १९०२ मध्ये इंग्लंडला गेला तेव्हा गंगेचे पाणी त्यांतून घेऊन गेला होता. त्या बघायला पाच मिनिटे पुरतात. हवामहलचेही तसेच, समोरच्या रस्त्यावरून तो सर्वांना सारखाच दिसतो.

चितोडला मात्र फरक पडतो, आणि तो वेळेपेक्षा विश्वासाचा आहे. गड प्रचंड आहे, सात पोळ, म्हणजे दरवाजे, ओलांडून वर गेल्यावरही गाडीनेच फिरावे लागते. ग्रुप टूरमध्ये पद्मिनी महालापाशी अल्लाउद्दीन खिलजीने राणी पद्मिनीला आरशात पाहिल्याची गोष्ट इतक्या ठामपणे सांगितली गेली, की जणू सांगणारा हजर होता. दुसऱ्या वेळच्या गाईडने तीच गोष्ट सांगितली, आणि मग स्वतःहून म्हणाला, की १३०३ चा वेढा हा इतिहास आहे, पण आरशाची कथा त्यानंतर दोन शतकांहून अधिक काळाने रचलेल्या काव्याच्या परंपरेतून आली आहे, आणि समोर दिसणारी इमारत बरीचशी एकोणिसाव्या शतकात पुन्हा बांधलेली आहे. हे चाळीस माणसांपुढे सांगणे बहुधा अवघड जात असावे. रंगलेली कथा मोडायला कुणालाच आवडत नाही. विजयस्तंभापाशी तो पाच मिनिटे काहीच बोलला नाही. “पहले देख लीजिए,” एवढेच म्हणाला.

जोधपूरच्या मेहरानगडावर आम्ही गाईड न घेता माहिती ऐकवणारे, कानाला लावायचे यंत्र घेतले. लोहापोळ या दरवाजावरचे राण्यांच्या हातांचे ठसे पाहताना ते थांबवता आले, पुन्हा ऐकता आले, आणि त्याने एकदाही ‘चलिए’ म्हटले नाही. त्याला प्रश्न विचारता येत नाही एवढीच उणीव. गडावरची मांडणी इतकी नीट आहे, की तिथे ती फारशी जाणवली नाही.

कुंभलगडासाठी एवढेच सांगेन, की चढ खडा आहे आणि वर पोहोचायची वेळ आपल्या हातात असावी. बसने आम्हाला तिथे भर दुपारी नेले होते. निम्मी माणसे पहिल्या चढावरच पाणी पीत बसली. गाडीने आम्ही तीननंतर पोहोचलो. राणा कुंभाने बांधलेली ती ३६ किलोमीटरची तटबंदी उतरत्या उन्हात डोंगरावरून वळत गेलेली स्पष्ट दिसते.

घरात सत्तरीचे कुणी बरोबर येणार असेल, किंवा पहिल्यांदाच उत्तरेकडे निघाला असाल, तर ग्रुप टूर घ्यायला हरकत नाही. फक्त चौकशीच्या वेळी प्रत्येक स्थळाला किती मिनिटे आणि दुकानांना किती, हे लेखी मागून पाहा. एरवी तीन-चार जण जमत असतील, तर गाडी ठरवा, जयपूरला एक दिवस जास्त ठेवा आणि जंतरमंतरला अकराच्या सुमारास पोहोचा, म्हणजे सावली कमानीवर कमरेएवढ्या उंचीला असते. आभाळ भरून आले असेल तर त्या दिवशी आमेर उरकून घ्या आणि जंतरमंतर दुसऱ्या दिवसासाठी ठेवा.