कबुतरांचे मनोरे: फ्रान्सचे की इस्फहानचे?

घोडबंदर रोडवर फ्लॅटचा ताबा मिळाला की आधी बाल्कनीला जाळी लागते. कबुतर म्हणजे डोक्याला ताप! पण याच पक्ष्यासाठी लोकांनी मुद्दाम मनोरे बांधले, तेही दोन वेगळ्या हिशोबांनी.

फ्रान्समध्ये हिशोब मुख्यतः मांसाचा. साधारण चार आठवड्यांची, अजून न उडणारी पिल्लं काढायची. मनोरा जमीनदाराचा, दाणे टिपले जायचे कुळांच्या शेतातले. १७८९ च्या ऑगस्टमध्ये क्रांतीने हा हक्क मोडीत काढला, बरंच झालं.

इराणमधल्या इस्फहानला हिशोब विष्ठेचा. सफवी काळातले, म्हणजे १७ व्या शतकाच्या आसपासचे हे मातीच्या विटांचे मनोरे. आत भिंतभर कोनाडेच कोनाडे, पक्षी शिरेल एवढीच वरची भोकं. कबुतरं बाहेर चरून येत, आत घाण करत. ती गोळा करून खरबुजाच्या मळ्यात खत म्हणून जाई. पक्षी मारायची गरजच नाही.

मला इस्फहानचाच व्यवहार पटतो. आपण दाणे पोत्याने ओततो, विष्ठा मात्र कुणालाच नको. अर्थात ठाण्यातल्या गच्चीवर याची नक्कल नको: सुकलेल्या विष्ठेची धूळ फुफ्फुसांना वाईट. साफ करताना आधी पाणी मारा, मास्क लावा, कोरडा झाडू नकोच.