युनिव्हर्स सँडबॉक्स: महाकाय झाडांसाठी ग्रह बनवून बघितला

दिवाळी अंकासाठी विज्ञानकथा लिहितेय, त्यात दीडदोनशे मीटर उंच झाडांचं जंगल आहे आणि परग्रह आहे म्हणून काहीही चालतं असं मला करायचं नव्हतं, म्हणून स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातून युनिव्हर्स सँडबॉक्स घेतलं, म्हणजे ग्रहतारे बनवून, बदलून बघायचं सॉफ्टवेअर. तीन आठवडे झाले, रोज रात्री जेवणं उरकली की तेच उघडून बसते.

आधी झाडाचं गणित सांगते, नाहीतर याचा उपयोग कळणार नाही. पृथ्वीवरचं सगळ्यात उंच झाड म्हणजे कॅलिफोर्नियातलं हायपेरियन नावाचं रेडवूड, 115 मीटरच्या वर. 2004 साली 'नेचर'मध्ये रेडवूडवरचा अभ्यास आला होता, त्यात जास्तीत जास्त उंची 122 ते 130 मीटर काढलीय. घोडं अडतं पाण्यापाशी. पानांतून वाफ उडते तसं खालचं पाणी वर ओढलं जातं आणि दर 10 मीटरला साधारण एका वातावरणाइतका (म्हणजे समुद्रसपाटीला हवेचा दाब असतो तेवढा) ताण वाढत जातो, तोही नुसता गुरुत्वाकर्षणापायी, खोडातलं घर्षण वेगळंच. म्हणून तर रेडवूडची खालची पानं लांब, चपटी आणि शेंड्याची खवल्यांसारखी बारकी, तिथल्या पेशी फुगायला पाण्याचा जोरच पुरत नाही.

मग गुरुत्व कमी करायचं, झालं, असं मलाही वाटलेलं. पृथ्वी घेतली, वस्तुमान कमी करत गेले आणि मंगळाच्या वळणावर जाऊन पोचले, आणि मंगळाची हवा किती विरळ आहे ते माहितीच आहे. खरी मजा इथून सुरू होते, कारण वस्तुमान, त्रिज्या, घनता यातलं काहीही बदलून बघता येतं आणि ग्रह डोळ्यासमोर बदलतो. घनता पृथ्वीच्या निम्मी, त्रिज्या 1.2 पट केली की गुरुत्व येतं 0.6 पट आणि मुक्तिवेग, म्हणजे ग्रहाच्या ओढीतून सुटून जायला लागणारा वेग, सेकंदाला साडेनऊ किलोमीटर; तो जितका जास्त तितकी हवा निसटणं अवघड. पृथ्वीचा 11.2, मंगळाचा 5. म्हणजे झाडाचा भार हलका झाला आणि हवाही धरून ठेवता येते! वहीत हाताने ताडून बघितलं, बरोबर आलं. शनी पृथ्वीच्या 95 पट जड असून तिथलं गुरुत्व जवळपास आपल्याएवढंच, हे वाचलेलं होतं पण डोक्यात बसलं ते आत्ता.

झाड, माती, धुकं यातलं काही हे सॉफ्टवेअर वाढवून दाखवत नाही, तो त्याचा विषयच नाही. 130 ला 0.6 ने भागलं तर जवळपास 217 येतात, पण गुरुत्व घटलं म्हणून घर्षण घटत नाही, त्यामुळे मी 180 वर थांबले. निम्मी घनता म्हणजे लोखंडी गाभा छोटा, मग त्या गाभ्यातून तयार होणाऱ्या चुंबकीय क्षेत्राचं काय, तेही स्वतःच ठरवावं लागतं.

विज्ञानकथा लिहिणाऱ्यांनी घ्याच, आणि घरात आठवी-नववीतलं पोर असेल तर त्याला शेजारी बसवा. माझ्या भाचीने पहिल्याच दिवशी विचारलं, मावशी, ग्रह मोठा केला तरी वजन कमी कसं झालं गं?