डबल मार्कर, एनआयपीटी की काहीच नको?

तिसऱ्या महिन्यात डॉक्टर चिठ्ठीवर 'एनटी स्कॅन, डबल मार्कर' लिहितात आणि बहुतेकजणी रक्त देऊन मोकळ्या होतात. मीही झाले. कशासाठी, असं कुणी विचारलं असतं तर 'सगळं नॉर्मल आहे ना, ते बघायला' एवढंच सांगता आलं असतं. चौथ्या दिवशी रिपोर्ट आला: 1:210, हाय रिस्क. सासूबाईंनी देवापाशी दिवा लावला, मी रात्रभर मोबाइल घेऊन बसले. असा आकडा आलेल्या 210 जणींपैकी 209 जणींच्या बाळाला डाऊन सिंड्रोम (जादा गुणसूत्रामुळे बाळाची बौद्धिक वाढ मंदावणारी जन्मजात स्थिती) नसतो, हे साधं गणित डोक्यात शिरायला दोन दिवस गेले.

डबल मार्कर निदान करत नाही, चाळणी लावते. आईचं वय, रक्तातली दोन द्रव्यं आणि 11 ते 13 आठवड्यांच्या सोनोग्राफीत (हाच एनटी स्कॅन) बाळाच्या मानेमागे दिसणारं पाणी, यांवरून शक्यता काढली जाते. समजा, 10,000 गर्भवतींपैकी 20 जणींच्या बाळाला डाऊन सिंड्रोम आहे. ही चाळणी त्यातल्या सतरा-अठरा पकडेल, पण सोबत पाचेकशे जणींना उगाच घाबरवेल. एनआयपीटीत आईच्या रक्तात उतरलेला वारेचा डीएनए तपासतात. ती 20 पैकी जवळजवळ सगळ्या पकडेल आणि घाबरतील फक्त दहाएक जणी. दहाव्या आठवड्यापासून करता येते. खर्च मात्र डबल मार्करच्या कित्येक पट, आणि रिपोर्टला आठवडा-दहा दिवस. वजन जास्त असेल तर कधी कधी उत्तरच येत नाही, पुन्हा रक्त द्यावं लागतं.

मग थेट एनआयपीटीच का नको? पस्तिशी ओलांडलेल्या आणि खर्च झेपणाऱ्या मैत्रिणीला मी तेच सांगेन, पण एनटी स्कॅन सोडू नको म्हणून. त्यात डाऊनपलीकडचंही बरंच दिसतं, आणि मानेमागचं पाणी साडेतीन मिलिमीटर किंवा जास्त असेल तर एनआयपीटीत दिवस न घालवता थेट पक्क्या तपासणीचा सल्ला बहुधा मिळतो. पंचविशीतल्या मुलीचा एनआयपीटी पॉझिटिव्ह आला तरी तो खोटा असण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास असते. मुळात त्या वयात डाऊन सिंड्रोम विरळा. म्हणून नुसत्या त्या रिपोर्टवर गर्भपात ठरवायचा नाही. पक्कं उत्तर वारेचा तुकडा किंवा 15 आठवड्यांनंतर गर्भजल काढूनच. सुईची भीती मलाही होती. सरावलेल्या हातांत त्यामुळे गर्भ पडण्याची शक्यता 200 मध्ये एकाहून कमी असते.

वेळेचा हिशेब वेगळाच. चौथ्या महिन्यातल्या क्वाड्रुपल टेस्टवर (रक्तातली चार द्रव्यं बघणारी अशीच चाळणी) विसंबलात तर गर्भजलाचा पूर्ण रिपोर्ट हाती येईपर्यंत विसावा आठवडा उजाडतो. 2021च्या कायदादुरुस्तीनंतर गर्भपाताला 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. पुढे 24 पर्यंत ठरावीक कारणांसाठी दोघांचं, त्यानंतर मेडिकल बोर्ड.

माझ्या नाशिकच्या मैत्रिणीने यातलं काहीच केलं नाही. 'जे येईल ते माझंच,' म्हणाली. तेव्हा मला तो हट्ट वाटला. आता वाटतं, रक्त देण्याआधी विचार केलेली आमच्यातली ती एकटीच. मात्र पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी आणि बाळाच्या हृदयाची तपासणी तिने चुकवली नाही. डाऊन सिंड्रोमच्या जवळपास निम्म्या बाळांना हृदयाचा दोष असतो आणि तो आधी कळला तर बाळंतपण कुठे करायचं ते ठरवता येतं. बाळ ठेवायचंच असेल तरी माहिती वाया जात नाही ती अशी.

मी एनआयपीटी केली. लो रिस्क आली. नंतर डबल मार्करचा जुना फॉर्म चाळताना दिसलं, वजनाच्या रकान्यात दोन महिन्यांपूर्वीचा आकडा होता. वजन, जन्मतारीख, मधुमेह, आयव्हीएफ हे सगळं त्या गणितात धरतात. तुमचा फॉर्म कंपाउंडरवर सोडू नका.