जाळीची काचेची किटली : चौघांच्या चहाला बरी, दोघांच्या नाही

आत स्टीलची जाळी बसवलेली ही ६०० मिलीची काचेची किटली कोल्हापुरात भांड्यांच्या दुकानांत सहज मिळते. अख्ख्या पानाचा कोरा चहा करायला चांगली आहे, पण भरून केला तरच. जाळीचा तळ किटलीच्या तळापासून दोन बोटं वर राहतो. ३०० मिली पाणी ओतलं तर पानं जेमतेम भिजतात आणि चहा फिकट उतरतो. घेतानाच आत डोकावून बघा. एका बोटापेक्षा जास्त फट असेल तर दुसरी मागा. घेऊन झाली असेल तर दोन कपांसाठी पानं थेट काचेत टाकून साध्या गाळणीनं गाळा. (मग जाळीचे पैसे कशाला दिले, हा प्रश्न रास्तच आहे.)

तोटीच्या खालपर्यंत ५०० मिली मावतं, त्याला पान ८ ग्रॅम. चमच्याचं माप इथे फसवतं. पान फुगीर असतं, त्यामुळे चमचा भरला तरी वजन भरत नाही. छोटा वजनकाटा वापरा. आधी किटली गरम पाण्यानं विसळून घ्या, नाहीतर पातळ काच चहाची ऊब ओढून घेते. कोल्हापूरच्या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून आसामच्या पानावर आधण आलं की लगेच ओता. दार्जिलिंगच्या फर्स्ट फ्लशसाठी (वसंतातल्या पहिल्या तोडणीचं नाजूक पान) मात्र गॅस बंद करून दोनेक मिनिटं थांबा. झाकण ठेवून ३ मिनिटं, फार तर ४, की जाळी बाहेर. ती आत राहिली तर पहिला कप छान आणि दुसरा घशाला धरणारा तुरट. काढलेली जाळी ठेवायला सोबत काही दिलेलं नाही. उलट्या झाकणावर ठेवावी तर गुंडीमुळे ते डुगडुगतं. बशी जवळ असू द्या.

लक्ष्मीपुरी बाजारातून सुटी आणलेली बारीक सीटीसी (नेहमीची दाणेदार चहा पावडर) यात घालू नका. भुकटी जाळीची भोकं बुजवते आणि उरलेली कपात उतरते. ती दुधात उकळायला पातेल्यातच बरी. गूळही नको, दार्जिलिंगचा वास पार झाकला जातो.

बोअरच्या पाण्यानं चहावर तवंग येतो. ते तेल नव्हे, पाण्यातल्या क्षारांचा परिणाम. नळाचं पाणी घ्या.

उष्णता सोसणाऱ्या बोरोसिलिकेट काचेची असली तरी किटली गॅसवर चढवू नका, गरम असताना ओल्या ओट्यावरही टेकवू नका. जाळी काळवंडली तर गरम पाण्यात अर्धा चमचा खायचा सोडा घालून अर्धा तास बुडवा. तारेची घासणी लावलीत तर जाळी कडेनं उसवते.