धुऱ्यावर काय लावायचं: सॅम्फायर, सॉल्टबुश की पिलू?

मावसभावाचं शेत अमरावती जिल्ह्यात दर्यापूरकडे, खारपाणपट्ट्यात; इथे जमिनीखालचं पाणीच खारं. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, माठाला पांढरा थर धरतो. परवा त्याने ऑस्ट्रेलियातल्या सॅम्फायरचा व्हिडिओ धाडला. "धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, लावू का? बकऱ्यांचं भागेल."

सॅम्फायर हे तिकडच्या कोरड्या मुलखातल्या खाऱ्या तळ्यांकाठचं देशी झुडूप. पानं जवळजवळ नाहीतच. दांडीच मण्यांच्या माळेसारखी, पेरापेरांची, रसाने टच्च फुगलेली. मीठ ते अंगातच साठवतं, आणि बुडाशी पाणी साचलं तरी तग धरतं. आपल्या चिबडात, पाणी धरून बसणाऱ्या रानात, म्हणूनच ते चालेलसं वाटतं. पण वाढ संथ, आणि चारा म्हणून बघाल तर तोंडात मीठच जास्त.

चाऱ्यासाठी खरं नाव आहे सॉल्टबुशचं. तेही ऑस्ट्रेलियाचंच. पानांवरच्या बारीक फोडांत मीठ काढून टाकतं, म्हणून पान राखाडी-चंदेरी दिसतं. माणसाच्या डोक्यावर जातं, छाटलं की पुन्हा फुटतं. मेंढ्यांसाठी तिकडे मुद्दाम लावतात. एक खोट: मुळांशी पाणी तुंबलेलं त्याला खपत नाही. आणि आपली काळी जमीन श्रावणात कशी होते, ते चपलेला विचारा.

आता मुख्य अडचण. सॉल्टबुशच्या वाळलेल्या पाल्यात वजनाचा साधारण पाव हिस्सा क्षार. तो खाल्लेल्या बकरीला गोडं पाणी भरपूर लागतं, आणि आपल्याकडे टंचाई आहे ती त्याचीच. शेततळं असेल तर तुरीच्या कुटारात मिसळून थोडं थोडं द्या. नसेल तर नादी लागू नका.

शिवाय आपलं रान काही मिठाचं तळं नव्हे. चोपण आहे, म्हणजे क्षारांनी घट्ट झालेलं, निचरा नाही, तरी पावसावर कापूस-तूर-हरभरा येतोच. ती जमीन झुडपांना कशाला द्यायची? प्रश्न फक्त धुऱ्याचा.

तिथे मी पिलू लावीन, ज्याच्या काडीचं मिस्वाक, म्हणजे दातवण, करतात ते. आपल्याच देशातलं, खारं सोसणारं. भरूचकडच्या खाऱ्या काळ्या जमिनीत त्याचे प्रयोग झालेत. चारा बेताचाच, हे कबूल. पण परदेशी झाड शिवारात सोडण्याआधी लोणारच्या सरोवराकाठी माजलेली वेडी बाभूळ आठवते मला.

भावाला तेवढंच कळवलं: धुऱ्यावर पिलू. बकऱ्यांसाठी हवंच असेल तर आधी शेततळं, मग सॉल्टबुशची चार रोपं, तीही उंचवट्यावर. सॅम्फायर व्हिडिओतच राहू दे.