फोन हँग झाला, गुगलवर नंबर शोधला, 97,509 रुपये गेले

लिहायची लाज वाटते. पण उद्या दुसऱ्या कोणाच्या घरी हेच होईल म्हणून लिहितो. आधीच सांगतो, मी अडाणी माणूस नाही. बी.ए. झालो आहे, अर्ध्या गावाची ई-पीक पाहणी मीच करून देतो. ओटीपी कोणाला सांगू नये हे मी स्वतः लोकांना सांगत आलो.

12 डिसेंबर 2025, शुक्रवार. सकाळी फोन कंपनीच्या नावावर येऊन अडकला. पुढेही जात नव्हता, बंदही होत नव्हता. आताच्या फोनची बॅटरी काढता येत नाही, नाहीतर पहिले तेच केलं असतं. आत वावराचे, बोंडअळीच्या नुकसानीचे, पोरीच्या साक्षगंधाचे फोटो. रिसेट मारला तर सगळं पुसलं जाईल ही भीती. पुतण्याचा लॅपटॉप घरी होता. त्यावर कंपनीचं नाव टाकून ‘कस्टमर केअर नंबर’ शोधला. सगळ्यात वर जो नंबर आला तो लावला, बायकोच्या फोनवरून. माझी पहिली चूक ही. गुगलवर वर दिसतो तो नंबर पैसे देऊन कोणीही वर आणू शकतो. नंबर घ्यायचा तर फोनच्या डब्यावरचा, वॉरंटी कार्डावरचा घ्या.

पलीकडचा माणूस हिंदीत, अदबीनं बोलला. केबलनं फोन लॅपटॉपला जोडायला लावला. मग दुरून स्क्रीन चालवायचं सॉफ्टवेअर टाकायला लावलं आणि त्यातला नऊ आकडी नंबर विचारून घेतला. काळ्या खिडकीत पांढरी अक्षरं भराभर पळायला लागली. मला वाटलं, इंजिनिअर काम करतोय. नंतर कळलं की ती नुसती फाइलींची यादी होती. फोनमध्ये आधीपासून यूएसबी डिबगिंग, म्हणजे केबलनं कॉम्प्युटरवरून फोन हाताळू देणारी सेटिंग, चालू नसेल आणि फोनच्या स्क्रीनवर त्या कॉम्प्युटरला परवानगी दिलेली नसेल, तर चालू होतानाच अडकलेल्या फोनच्या आत केबल लावून कोणी शिरू शकत नाही. हे मला कोण सांगणार होतं?

तो म्हणाला, 10 रुपये नोंदणी, कार्डानं भरा. भरले. मग म्हणाला, रिफंडसाठी नेट बँकिंग उघडा. उघडलं. आणि मग म्हणाला, फोनमधलं सिम काढून भाभीजींच्या फोनमध्ये टाका.

इथं. इथंच थांबायला पाहिजे होतं. बिघडला माझा फोन, तर सिम दुसऱ्या फोनमध्ये कशाला? दुरुस्तीत सिमचं काय काम? त्याला ओटीपी येणारा चालू फोन पाहिजे होता, एवढीच गोष्ट. कानातली पिन घेऊन मी स्वतःच्या हातानं सिमचा ट्रे काढला. आजही ती पिन दिसली की पोटात कालवतं.

लॅपटॉपची स्क्रीन काळी झाली, ‘अपडेट सुरू आहे, हात लावू नका’ असं त्यावर आलं. बायकोच्या फोनवर मेसेज आला. तिनं चष्मा लावून वाचला आणि म्हणाली, “अहो, याच्यात तं एकोणपन्नास हजार लिहून हाये.” मी तिला म्हटलं, “तू मधात बोलू नको.” तो कानात सांगत होता की हा रेफरन्स नंबर आहे, रक्कम कटत नाही. मी आकडे वाचून दाखवले. दोनदा.

2 वाजून 17 मिनिटांनी 49,000. 2 वाजून 26 मिनिटांनी 38,500. खात्यात होते 1,16,872, त्यात बहुतेक दोन दिवसांपूर्वी आलेला कापसाचा चुकारा. तीन फवारण्या, वेचणीची मजुरी, सगळं त्यातून द्यायचं होतं.

सायबर फसवणुकीचा सरकारी हेल्पलाइन नंबर 1930 लावला, लागेना. लागेल तोवर लावत राहा, पैसे पुढच्या खात्यात असेपर्यंतच अडवता येतात. बारा किलोमीटर गाडी मारून तालुक्याच्या शाखेत गेलो. काउंटरवरच्यानं मिनी स्टेटमेंट काढून दिलं आणि म्हणाला, “ओटीपी तुम्हीच दिला, आम्ही काय करू? अर्ज लिहून आणा.” कार्ड बंद करा म्हटलं तर साहेब जेवायला गेलेत. मी बाहेर बाकावर अर्ज लिहीत होतो तेव्हा 3 वाजून 52 मिनिटांनी कार्डावरून आणखी 9,999 गेले, ओटीपी न विचारता. कार्डाच्या मागचा नंबर लावून आधी कार्ड बंद करा, मग बँकेत जा. मला हे सुचलं नाही, डोकं जाग्यावर नव्हतं.

पोलीस ठाण्यात म्हणाले, सायबरचं आहे, जिल्ह्याला जा. शनिवारी एसटीनं गेलो. तिथं म्हणाले, तुमच्याच ठाण्यात द्या, आणि बँकेचा शिक्का असलेलं स्टेटमेंट आणा. दुसरा शनिवार, बँक बंद. रविवार गेला. सोमवारी बँकेत प्रिंटर बिघडलेला. 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या कायद्यात हद्द कोणतीही असो, गुन्हा नोंदवून घ्यावा लागतो. हे मी ठाण्यात बोललो तर हवालदार म्हणाला, “मग कायदाच घेऊन या.” शेवटी तक्रार पुतण्यानं रात्री घरी बसून सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर भरली. तुम्ही तेच पहिल्या तासात करा.

आणि फोन? मंगळवारी मोबाईलच्या दुकानातल्या पोरानं पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकाच वेळी पंधरा-वीस सेकंद दाबून धरलं. फोन सुरू झाला. फोटो सगळे जिथल्या तिथं. त्यानं पैसे घेतले नाहीत. बरेच अँड्रॉइड फोन अशाच रीतीनं मोकळे होतात, फक्त बटणं कंपनीप्रमाणे वेगळी असतात.

87,500 माझ्या चुकीचे म्हणून कदाचित बुडतील. पण 9,999 मी सोडणार नाही. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात लिहिलं आहे की ग्राहकानं बँकेला कळवल्यानंतर झालेलं नुकसान बँकेचं. बँक म्हणते, तुमच्या अर्जावर शिक्का 4 वाजून 15 मिनिटांचा आहे. पण त्यांच्याच माणसानं काढून दिलेल्या मिनी स्टेटमेंटवर वेळ छापली आहे 3 वाजून 31 मिनिटं, आणि त्यात 9,999 नाहीत. त्या चिठ्ठीची शाई उडते, म्हणून त्याच दिवशी तिची झेरॉक्स काढून ठेवली. 11 जानेवारीला बँकेत अर्ज देऊन 30 दिवस होतात. बँकेचं उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडचा अर्ज तयार आहे, चिठ्ठीची झेरॉक्स त्याला टाचली आहे.