शांतिनिकेतनचं बुकिंग आणि आमचे गेलेले २८,८०० रुपये

पौष मेळ्याला (डिसेंबरअखेरची तिथली मोठी जत्रा) किंवा होळीच्या सुमारास शांतिनिकेतनला जायचा बेत असेल आणि राहायची सोय फोनवरून करणार असाल, तर ॲडव्हान्स पाठवण्याआधी हे वाचून घ्या. आमचे पैसे गेले आहेत आणि ते परत येतील याची खात्री नाही. निदान आम्हाला फसवणारा माणूस काम कसं करतो, हे चार लोकांना कळावं.

आधी गावाबद्दल थोडं, कारण गावाची ठेवणच या फसवणुकीला सोयीची आहे. हावड्याहून गाडीने अडीच-तीन तासांवर बोलपूर आणि त्याला लागून शांतिनिकेतन. १८६३ साली देवेंद्रनाथ ठाकुरांनी इथे जमीन घेतली, १९०१ मध्ये रवींद्रनाथांनी शाळा काढली, १९२१ मध्ये विश्वभारती उभी राहिली. आजही गावाचं वेळापत्रक विद्यापीठाच्या तालावर चालतं. आठवड्याची सुट्टी रविवारी नाही, बुधवारी. २०२३ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात नाव घातल्यापासून गर्दी वाढली आहेच, पण कोलकातावाल्यांसाठी हे कायमचंच दोन दिवस हवापालट करायचं ठिकाण. एरवी खोल्या सहज मिळतात. सात पौषाला, म्हणजे साधारण २३ डिसेंबरला, मेळा सुरू झाला की मात्र पाय ठेवायला जागा नसते. मोठी हॉटेलं मोजकी. बाकी सगळे होमस्टे, म्हणजे निवृत्त प्राध्यापक, त्यांच्या विधवा, परगावी नोकरी करणाऱ्या मुलांची रिकामी घरं. वेबसाइट नाही, बुकिंगचं ॲप नाही. नकाशावर नाव आणि खाली एक फोन नंबर. गाव लहान, निमित्त मोठं, खोल्या थोड्या. ठगाला लागतं ते सगळं इथे आयतं आहे.

आमची ताई चित्रकलेची शिक्षिका होती. विश्वभारतीच्या कलाभवनाच्या आवारातलं रामकिंकर बैज यांचं ‘संथाळ कुटुंब’ हे शिल्प तिला निवृत्तीनंतर एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. १९३८ चं काम, सिमेंट आणि मुरमाची खडी वापरून उघड्यावर उभं केलेलं. ती त्याच्याबद्दल इतकी वर्षं बोलत होती की भावजींनी शेवटी नाशिकरोडहून गीतांजलीची तिकिटंच काढली. (मधू दंडवते रेल्वेमंत्री असताना १९७७ मध्ये सुरू झालेली हीच ती गाडी, तेव्हा तिला वर्गच नव्हते. भावजी जुने समाजवादी, हे ऐकवल्याशिवाय ते गाडीत पाय ठेवत नाहीत.) राहायचं बघायचं काम माझ्याकडे आलं.

नकाशाच्या ॲपवर पूर्वपल्लीच्या बाजूचं एक घर दिसलं. अंगण, लाल सिमेंटच्या पायऱ्या, चांगले अभिप्राय, तेही जुने आणि खरे वाटणारे. ते खरेच होते, हे पुढे कळलं. दिलेल्या नंबरवर फोन केला. पलीकडचा माणूस पहिल्यांदा चक्क नाही म्हणाला. “दीदी, मेला के टाइम पे कुछ नहीं है, सब फुल.” मी दुसरीकडे शोधायला लागले. संध्याकाळी त्याचाच फोन आला की एका पार्टीने बुकिंग रद्द केलंय, दोन खोल्या मोकळ्या आहेत, आणि तुम्ही लांबून येताय म्हणून आधी तुम्हाला विचारतोय.

त्याने घाई केली नाही. आपल्याला सगळे सांगतात, ठग घाई करतो, लालूच दाखवतो, भाव पाडून सांगतो. हा बाजारभावच सांगत होता, खोलीला रात्रीचे ३,२०० रुपये. बोलला तो शांतिनिकेतनबद्दल. बुधवार टाळा, रवींद्रभवनाचं संग्रहालय त्या दिवशी बंद असतं. काचेच्या मंदिरातली उपासना मात्र बुधवारीच असते. हावड्याहून सकाळची शांतिनिकेतन एक्सप्रेस पकडा, तिकीट मिळालं नाही तर प्रांतिकचंही बघा, ते पुढचंच स्टेशन आहे. सोनाझुरीचा हाट, म्हणजे बाजार, मुळात शनिवारचा, आता जवळजवळ रोज भरतो, पण शनिवारी बाउल गायक जास्त येतात. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. मी ताईला सांगितलंसुद्धा, माणूस मोठा माहितगार आहे. खरी माहिती फुकट वाटायची आणि एकच खोटी गोष्ट विकायची, असा त्याचा धंदा.

दोन खोल्या, तीन रात्री, १९,२०० रुपये. अर्धी रक्कम ॲडव्हान्स म्हणून त्याने क्यूआर कोड पाठवला. पैसे पाठवताना यूपीआयवर नाव आलं ते एका बाईचं, होमस्टेशी किंवा त्याच्याशी काही संबंध नसलेलं. विचारलं तर म्हणाला, “मालकिन का अकाउंट है.” घर एका वयस्क बाईंचं आहे असं अभिप्रायांत होतंच, त्यामुळे ते जुळलं. ९,६०० गेले. अर्ध्या तासाने परत फोन. मेळ्याच्या दिवसांत अर्ध्या रकमेवर सिस्टिम पावती काढत नाही, पूर्ण १९,२०० एकदम आले की कन्फर्मेशन निघतं आणि आधीचे ९,६०० आपोआप परत फिरतात. माझ्या नवऱ्याने पैसे पाठवले. लगेच पावती आली, घराचा फोटो, खोल्यांचे नंबर, जीएसटी क्रमांक, खाली शिक्का. ९,६०० मात्र आले नाहीत. “बैंक का सर्वर स्लो है दीदी, नहीं आया तो चेक-इन पे काट लेंगे.” नंतरही त्याचे मेसेज येत राहिले, थंडी किती आहे, स्वेटर आणा, नोलेन गुडाचा, म्हणजे खजुराच्या नव्या गुळाचा, संदेश (ही बंगाली मिठाई) कुठला खावा वगैरे. पैसे घेतल्यावर आठवडेच्या आठवडे असा संपर्क ठेवणारा ठग मी तरी ऐकला नव्हता. पण त्याला ते करावंच लागतं. का, ते पुढे सांगते.

बोलपूर स्टेशनावर उतरलो, टोटो केली. (ई-रिक्षाला तिथे टोटो म्हणतात. मेळ्यात भाडं दुप्पट-तिप्पट सांगतात, ते मी फसवणुकीत धरत नाही, तो हंगाम आहे.) फाटकाशी एक वृद्ध बाई आल्या. आमचं नाव कुठल्याच वहीत नव्हतं. त्यांनी पावती हातात घेतली, चष्मा वर केला आणि आतून सुनेला हाक मारली. आदल्या संध्याकाळी दुर्गापूरचं एक कुटुंब अशीच पावती घेऊन येऊन गेलं होतं. फाटकावर पाटी होती, पाटीवर फोन नंबर होता, आणि तो आम्ही इतके दिवस ज्यावर बोलत होतो तो नव्हता.

नकाशाच्या ॲपवर कुठल्याही जागेच्या माहितीत कुणीही ‘दुरुस्ती’ सुचवू शकतो. मालकाने ते पान आपल्या ताब्यात घेतलेलं नसेल तर बदललेला नंबर त्याच्या नकळत तिथे बसू शकतो. फोटो खरे, अभिप्राय खरे, पत्ता खरा, फक्त फोन ठगाच्या खिशात वाजतो. फाटकाशी आलेल्या या बाईंना, माशीमांना (बंगालीत मावशी; सगळे त्यांना तेच म्हणत होते, आम्हीही म्हणायला लागलो) नकाशावर आपलं पान आहे हेच मुळात कुणा पाहुण्याकडून कळलेलं. त्यांची गिऱ्हाइकं वर्षानुवर्षं ओळखीतली.

आम्ही फाटकातूनच त्याला फोन लावला, आणि त्याने उचलला! आवाज तसाच मऊ. मालकिणीचं आणि माझं भांडण झालंय, ती मुद्दाम नाकारतेय, मी तुमचे सगळे २८,८०० आत्ता परत करतो. दोन मिनिटांत क्यूआर आला, त्यावर मोठ्या अक्षरांत ‘रिफंड’ आणि आमची रक्कम. नवऱ्याने कोड स्कॅन केला. पिनचा चौकोन उघडला. टोटोवाला पोरगा मागून बघत होता, तो म्हणाला, “दादा, पैसा लेने में पिन नहीं लगता.” एवढ्या एका वाक्याने आणखी २८,८०० वाचले. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. हे घरातल्या प्रत्येकाला पाठ करायला लावा, विशेषतः ज्यांना वाटतं की आपल्याला माहीत आहे त्यांना. आम्हालाही माहीत होतं. सामान रस्त्यावर, ताई पायरीवर बसलेली, डोक्यात राग, अशा वेळी माहीत असलेलं हाताशी येत नाही, आणि तो दुसरा डाव बरोबर त्या क्षणासाठीच राखून ठेवतो. फोन उचलण्यामागचं कारण हेच.

१९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार तिथूनच केली. व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक, तारीख, रक्कम, आपली बँक, एवढं लगेच विचारतात, स्क्रीनशॉट जवळ ठेवा. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवरही तक्रार होते आणि गुन्हा कुठल्याही राज्यात घडला असला तरी घरबसल्या करता येते. पण या यंत्रणेचं बळ आहे ते वेगात. तक्रार लगेच गेली तर पैसे ज्या खात्यात पोचलेत तिथे ते गोठवता येतात. केवायसीच्या किंवा वीजबिलाच्या नावाने गंडवलेल्या माणसाला तासाभरात कळतं. बुकिंगवाल्याला कळतं ते थेट फाटकापाशी. तोवर पैसे दोन-चार भाड्याच्या खात्यांतून फिरून एटीएममधून निघून गेलेले असतात. म्हणून ते स्वेटरचे आणि संदेशाचे मेसेज. आपण प्रवासाच्या दिवसापर्यंत निवांत राहावं, एवढ्यासाठीच ते असतात. आमच्यातले ४,००० आणि काही रुपये एका खात्यात गोठले आहेत, ते सोडवायला न्यायालयाचा कागद लागेल असं तेव्हा सांगितलं होतं. बाकीच्यांचा माग दुसऱ्याच राज्यातल्या एका खात्यापाशी थांबला.

तेव्हा ॲडव्हान्स द्यायच्या आधी, आणि दिलाच असेल तर त्याच दिवशी, खात्री करा. आम्हाला नंतर माशीमांच्या सुनेने दाखवलं, नकाशावरच्या जुन्या पाहुण्यांच्या फोटोंत फाटकाची पाटी दोन ठिकाणी स्पष्ट दिसत होती, नंबरासकट. पाटीवरचा आणि पानावरचा नंबर जुळतो का, हे बघायला काही लागत नाही. दुसरं, पावतीवरचा जीएसटी क्रमांक. त्याचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात, पश्चिम बंगालचे १९, महाराष्ट्राचे २७. आमच्या पावतीवर ०७ होतं, म्हणजे दिल्ली. पूर्ण क्रमांक जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाकला की धंद्याचं नाव येतं, आमच्या क्रमांकावर हार्डवेअरचं कुठलंसं दुकान निघालं. आणि मुळात, घरगुती होमस्टेवाले छापील पावत्या क्वचितच देतात. कागद जितका देखणा, तितकं जास्त तपासा. व्हिडिओ कॉल करून ‘जरा अंगण दाखवा’ म्हणायलाही हरकत नाही, खरा मालक कौतुकाने दाखवेल. जूनअखेर २०२५ पासून यूपीआय ॲपवर पैसे पाठवण्याआधी बँकेत नोंदलेलं खरं नाव दिसायला हवं असा नियम आहे. ते नाव आणि मालकाचं नाव जुळत नसेल तर कारण ऐकत बसू नका, कारण त्याच्याकडे तयारच असतं.

एप्रिल २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राने अशा बनावट बुकिंगबद्दल इशारा दिला होता. त्यात केदारनाथचं हेलिकॉप्टर होतं, तीर्थक्षेत्रांतली गेस्ट हाऊस होती. आपण समजतो की हे यात्रेकरूंच्या बाबतीत घडतं. जिथे ठरावीक तारखांना माणसं जास्त आणि खाटा कमी, तिथे कुठेही हे घडतं. दिवाळीतलं तारकर्ली घ्या किंवा नाताळातला गोवा.

माशीमांनी जवळच्या सुरुल गावात आपल्या भाच्याकडे एक खोली दिली, चौघांत एक. पैसे घेतले ते नेहमीच्या भावाने. ताईने संथाळ कुटुंब पाहिलं, बराच वेळ पाहिलं. हाटात तिने कांथाची, म्हणजे बंगाली टाक्याच्या भरतकामाची, ओढणी उलटी करून मागची बाजू तपासली. हाताचा टाका थोडा वेडावाकडा असतो, मशीनचा एकसारखा. विकणारी बाई हसली आणि गठ्ठ्याखालची दुसरी काढून दिली.

नंबर बदलल्याची तक्रार माशीमांच्या सुनेने ॲपवर केली, पान आता त्यांच्या ताब्यात आहे. तो माणूस गप्प बसलेला नाही. फेब्रुवारीत नवऱ्याच्या फोनवर नव्या नंबरावरून मेसेज आला, तोच मायना, तीच हिंदी: वसंतोत्सवाचे (तिथल्या होळीच्या उत्सवाचे) व्हीआयपी पास, पुढच्या रांगेत खुर्ची, माणशी १,५०० रुपये, मोजकेच शिल्लक. विश्वभारती गेली काही वर्षं वसंतोत्सव आपल्या विद्यार्थी-शिक्षकांपुरताच करते, बाहेरच्यांना त्यात प्रवेश नसतो. मेसेजचा स्क्रीनशॉट आम्ही जुन्या तक्रारीला जोडला आहे. तुमच्याकडे असा पास विकायला कुणी आलं तर त्याच्याशी वाद घालू नका. नंबर लिहून घ्या आणि १९३० ला कळवा.